फटी बुजवाव्यात, पण कोणत्या?

खानापूर तालुक्यातल्या जुन्या घरांत रिपांवर कौले नुसती टेकवलेली असतात. चुलीचा धूर आणि वाशांखाली साठलेली गरम हवा त्यांच्या फटींतून निघून जाते, तिची जागा दारा-खिडक्यांतून येणारी हवा घेते, आणि वारा पडला असतानाही हे चक्र थांबत नाही. बेळगाव शहरातल्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये मात्र आता एखाद्या खोलीत एसी असतो, आणि त्या खोलीपुरता फटींचा हिशेब उलटा होतो.

दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे 34 घनमीटर, म्हणजे बेळगावच्या उंचीवर साधारण 37 किलो हवा मावते. मे महिन्यात बाहेर 36 आणि आत 26 अंश तापमान असताना ही हवा एकदा पूर्ण बदलली, तर एसीला जवळपास 0.1 युनिट उष्णता जादा उपसावी लागते. एक युनिट विजेत तो सुमारे तीन युनिट उष्णता उपसतो, म्हणजे वीज 0.03 युनिटच जाते. वळीव पडून गेल्यावर बाहेर गारवा येतो, तरी काम कमी होत नाही, उलट वाढते. त्या दमट हवेच्या दर किलोमागे आतल्यापेक्षा 8 ग्रॅम बाष्प जास्त असेल, तर हवेच्या एका बदलाबरोबर सुमारे 300 ग्रॅम पाणी आत येते आणि त्या बाष्पाचे पुन्हा पाणी करायला 0.2 युनिट, म्हणजे दुपारच्या दुप्पट उष्णता काढावी लागते. अशा संध्याकाळी एसी बंद करून खिडक्या उघडणेच शहाणपणाचे.

हवा शिरते कुठून, हे उदबत्ती सांगते: पंखे बंद करून, बाथरूमचा एक्झॉस्ट लावून ती चौकटीलगत फिरवली की फटीपाशी धूर आडवा होतो. तीन फुटी दाराखाली एक सेंटीमीटर फट असेल, तर ते 90 चौरस सेंटीमीटरचे भोक झाले. तिथे रबरी पट्टी आणि एसीच्या पाइपाभोवती लांबी (पुट्टी) भरली, की बरेचसे काम झाले. थंड देशांत पंख्याने 50 पास्कल दाबाचा फरक निर्माण करून घराची गळती मोजतात, आणि ‘पॅसिव्ह हाउस’ मानकात ती तासाला 0.6 हवाबदलांपेक्षा जास्त चालत नाही. पण त्या घरांना ताजी हवा पुरवणारी यंत्रणा बारमाही चालू असते. आपल्याकडे ती नसते, म्हणून इतका काटेकोरपणा इथे मला अनाठायी वाटतो. भारताची इको-निवास संहिता (2018) तर उघडत्या खिडक्यांचे किमान प्रमाणच ठरवून देते. समशीतोष्ण विभागासाठी ते चटईक्षेत्राच्या 12.5 टक्के आहे.

स्वयंपाकघर आणि बाथरूम या खटाटोपातून वगळावेत. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे 15 किलो हवा लागते. बंदिस्त बाथरूममध्ये गॅस गिझर चालू राहिला, तर हवा अपुरी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. थंडीत झोत लागतो म्हणून बाथरूमच्या झरोक्यात कापड कोंबण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतू शकते. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून गरम पाणी नळाने आत आणावे.