गिटार ॲम्प्लिफायरमधील व्हॉल्व्हचे पर्याय

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) व्हॉल्व्हऐवजी, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांऐवजी, ट्रान्झिस्टरवर चालवणे (सॉलिड-स्टेट), किंवा व्हॉल्व्ह ॲम्पचे वागणे डिजिटल गणिताने उभे करणे (मॉडेलिंग), ही दोन तंत्रे. घरगुती रेडिओतून व्हॉल्व्ह कधीच गेले. गिटारवादकांनी मात्र ते धरून ठेवले, कारण रेडिओत जी विकृती (ताणामुळे आवाजाचा तरंग बिघडणे) दोष ठरते, ती गिटारला हवी असते.

सुरुवात वाईट झाली. फेंडर कंपनीची 1966 ची ट्रान्झिस्टर मालिका सपशेल आपटली. व्हॉल्व्ह ॲम्पवर ताण आला की तरंगाची टोके हळूहळू गोलावतात. भरपूर ऋण पुनर्भरण (बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग उलटा करून आत परत देणे) असलेल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये ती एकदम कापली जातात आणि कानाला टोचणारे वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले उपसूर) वाढतात.

तरी सगळे खापर ट्रान्झिस्टरवर फोडणे चूक आहे. बराच फरक स्पीकरपाशी पडतो. ‘8 ओहम’ असे लिहिलेल्या स्पीकरचा रोध प्रत्यक्षात स्थिर नसतो. खर्जातल्या अनुनादापाशी (जिथे स्पीकर आपसूक जास्त थरथरतो) तो कितीतरी पटींनी चढतो आणि वरच्या पट्टीतही वाढत जातो. व्हॉल्व्ह ॲम्पचा स्वतःचा निर्गम रोध मोठा असल्याने नेमक्या या दोन ठिकाणी स्पीकरला जास्त व्होल्टेज मिळते. खर्जाला धक्का येतो, वर चमक येते. नेहमीचा ट्रान्झिस्टर ॲम्प सगळीकडे सारखेच व्होल्टेज देतो, म्हणून बेचव वाटतो. उपाय अगदी स्वस्त आहे: स्पीकरच्या मार्गात लहानसा रेझिस्टर घालून पुनर्भरण विद्युतप्रवाहावरून घ्यायचे, म्हणजे ट्रान्झिस्टर ॲम्पचा निर्गम रोधही वाढतो.

रोलंडच्या जॅझ कोरस जेसी-120 ने (1975) नक्कल करण्याच्या फंदात न पडता स्वच्छ आवाजावर नाव कमावले. त्यात 60 वॅटचे दोन ॲम्प आणि 12 इंची दोन स्पीकर. कोरस (एकाच सुराला अनेक वाद्यांचा भास देणारा परिणाम) चालू केला की एका स्पीकरमधून मूळ सूर येतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा, आणि दोन्ही हवेतच मिसळतात. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग यांनी लॅब सिरीज एल-5 हा ट्रान्झिस्टर ॲम्प वापरला, तर पँटेरा या मेटल बँडच्या डाइमबॅग डॅरेलने रँडलच्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून मेटलचा करवती आवाज काढला. ‘ट्रान्झिस्टर म्हणजे शिकाऊंचा ॲम्प’ हा समज त्यापुढे टिकत नाही.

मॉडेलिंगची वाट 1990 च्या दशकात रुळली; लाइन 6 कंपनीच्या पॉड या लालभडक मॉडेलिंग उपकरणाने (1998) ती घरोघरच्या रेकॉर्डिंगपर्यंत नेली. यात दोन पद्धती आहेत. एकीत मूळ सर्किटचा भागन् भाग समीकरणांत मांडतात, त्यामुळे प्रत्येक नॉब खऱ्यासारखा वागू शकतो. दुसरीत खऱ्या ॲम्पमधून चाचणी-संकेत सोडून बाहेर काय येते ते नोंदवतात. जर्मनीचा केम्पर प्रोफायलर याच पद्धतीचा, आणि आता हे काम न्यूरल नेटवर्कही करतात. अशी नोंद सहसा नॉबच्या एकाच स्थितीपुरती खरी असते. विकृतीमुळे निर्माण झालेले उंच हार्मोनिक्स डिजिटल मर्यादेवर आपटून बेसूर होऊन परततात, म्हणून आतले गणित कितीतरी जास्त सॅम्पलिंग दराने (सेकंदाला संकेताची किती वेळा मोजणी होते तो दर) करावे लागते. स्पीकरच्या खोक्याचे काम त्यामानाने सोपे: त्याच्या आवेग-प्रतिसादाची (एका क्षणिक आवाजाला खोके कसे उत्तर देते त्याची) नोंद बहुतेक वेळा पुरते.

मात्र ही नोंद मायक्रोफोनने घेतलेली असते, त्यामुळे ‘खोलीत ॲम्प वाजतोय असं वाटत नाही’ ही वादकांची तक्रार रास्तच आहे. फेंडरने 2019 च्या टोन मास्टर मालिकेत म्हणूनच खराखुरा स्पीकर आणि लाकडी खोके ठेवले. त्यातल्या डीलक्स रिव्हर्बमध्ये 22 वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्पची नक्कल करायला 100 वॅटचा डिजिटल पॉवर ॲम्प आहे, आणि तरीही वजन मूळच्या निम्म्याच्या आसपास आहे.