मुंग्यांच्या जगात सीमा कुठे आखायच्या?

काळ्या मुंग्या आल्या की लक्ष्मी येते, तांबड्या आल्या की कर्ज वाढतं, असा मजकूर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याला काडीचा आधार नाही. मुंगीच्या रंगावरून भविष्य कळत नाही. कुठल्या जातीची मुंगी कुठे राहते, यावरून मात्र लाखो वर्षांचा भूतकाळ कळतो.

ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८७६ मध्ये प्राण्यांच्या आधारे पृथ्वीचे सहा विभाग पाडले. त्यात भर होता पक्षी आणि सस्तन प्राण्यांवर. मुंग्यांच्या आज १४ हजारांहून जास्त जाती माहीत आहेत. त्यांचा नकाशा कसा काढायचा?

नागपुरात आंब्यावर पानांचं घरटं करणारी तांबडी मुंगी पाहा. काही कामकरी मुंग्या पानांच्या कडा ओढून धरतात, काही जबड्यात अळी धरून तिला या कडेवरून त्या कडेवर फिरवतात. अळीच्या रेशमाने पानं सांधली जातात. हीच जात थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. उलट, ताजी पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत. म्हणजे एकेका जातीवरून सीमा ठरत नाही, दोन ठिकाणच्या सगळ्या जातींच्या याद्या एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.

इथेच खरी गंमत आहे. समजा, एका ठिकाणी ५० जाती आहेत, दुसरीकडे २०, आणि त्यांतल्या १८ समान. एकूण ५२ पैकी १८च समान म्हटलं तर दोन्ही ठिकाणं फार वेगळी वाटतात. पण दुसरी यादी मुळातच लहान आहे! म्हणून १८ला लहान यादीच्या २०ने भागायचं आणि उत्तर १ मधून वजा करायचं. फरक उरतो फक्त ०.१. जाती कमी असणं वेगळं आणि जाती बदलणं वेगळं; सीमा बदलावरून आखायची. पुढची पायरी वंशवृक्षाची. आपल्या तांबड्या मुंगीची जवळची नातेवाईक जात आफ्रिकेत आहे. नाव वेगळं म्हणून नातं शून्य धरणं चूक, त्यामुळे जातींऐवजी वंशवृक्षाच्या समान फांद्यांची लांबी मोजतात. मग कमी फरकाची ठिकाणं एका गटात येत जातात.

जहाजांतून, कुंड्यांतून पसरलेल्या जाती आधी गाळाव्या लागतात. नाहीतर हवाई बेटांनाही स्वतःच्या मुंग्या आहेत असं वाटेल. तिथली आजची प्रत्येक जात माणसाबरोबर आलेली आहे.