न खपलेल्या तबकड्यांचा इतिहास

कोल्हापुरात जुनी तबकडी म्हटलं की दोनच गठ्ठे समोर येतात, नाट्यसंगीत आणि हिंदी सिनेमा. जुना माल विकणाऱ्याच्या चादरीवर बालगंधर्वांच्या शेजारी शंकर-जयकिशन असतात आणि सगळ्यात खाली कव्हर फाटलेली एखादी इंग्रजी एलपी. तिच्याबद्दल विचारलं तर, "भावा, ते कायतर इंग्लिश हाय बघ, काय द्यायचं ते दे." गेल्या काही वर्षांत मात्र हात थेट त्या खालच्या थराकडे जायला लागलेत. रॉक, पंक (रांगडं, जलद रॉक), सोल (अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं भावपूर्ण संगीत), डब (जमैकातल्या रेगे संगीताचं एक रूप) यांतले कधीच न गाजलेले बँड शोधण्याचा नाद इथल्या पोरांनाही लागलाय. मोबाइलवर सगळं ऐकायला मिळतं हे खरं, पण ते तिथपर्यंत पोहोचलं कसं, ती हकिकत मोबाइलच्या फार आधीची आहे.

सुरुवात साधारण 1972 पासून धरतात. इलेक्ट्रा या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे जॅक होल्झमन यांनी लेनी के या तरुणाकडून एक दुहेरी एलपी जुळवून घेतली, 'नगेट्स'. 1965 ते 1968 या काळात अमेरिकेतल्या गावोगावच्या गॅरेजांत वाजवणाऱ्या बँडची 27 गाणी त्यात होती. काही गाणी त्या काळी बऱ्यापैकी चाललीही होती, पण चार वर्षांत लोक ती विसरले होते. के स्वतः न्यूयॉर्कमधल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, म्हणजे धूळ झटकायची सवय होतीच. या पोरांच्या वाजवण्याला त्यानं 'पंक रॉक' म्हटलं, तेही लंडनमध्ये पंकचा गोंगाट सुरू व्हायच्या आधी. पुढे तो पंक गायिका पॅटी स्मिथच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागला. जुनं शोधणारा आणि नवं घडवणारा एकच माणूस असणं, हे या क्षेत्रात पुढेही वरचेवर दिसतं.

त्याच सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये वेगळाच खेळ चालू होता. मँचेस्टर, विगन अशा कारखान्यांच्या गावांत रात्रभर नाचणाऱ्या कामगार पोरांना साठच्या दशकातलं जलद ठेक्याचं अमेरिकन सोल हवं होतं. अमेरिकेत तोवर ते शिळं झालेलं. डेव्ह गोडिन या रेकॉर्ड विक्रेत्यानं या आवडीला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिलं. गंमत अशी, की इथे गाणं जितकं पडेल तितका त्याला भाव. डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फियाच्या गोदामांत न खपलेल्या 45 आरपीएमच्या (मिनिटाला 45 फेऱ्यांच्या) छोट्या तबकड्या पडून होत्या. इंग्रज डीजे त्या उचलून आणायचे आणि दुसऱ्या डीजेला नाव कळू नये म्हणून लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव टाकायचे. 1973 ते 1981 या काळात विगन कसिनो या नाचाच्या क्लबात अशी कित्येक गाणी खोट्या नावानं गाजली. फ्रँक विल्सनचं 1965 मधलं एक गाणं मोटाउन या डेट्रॉइटच्या सोल कंपनीनं छापून जवळपास सगळं मागे घेतलं होतं. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक 2009 मध्ये 25 हजार पौंडांच्या वर गेली. मला हा सगळा प्रकार थोडा स्वार्थी वाटतो. गायकाला यातलं काही मिळत नव्हतं, बहुतेकांना आपलं गाणं विगनमध्ये वाजतंय हे माहीतही नव्हतं.

डबची गोष्ट तर शिल्लक मालातूनच निघाली. जमैकात सिंगलच्या, म्हणजे एका गाण्याच्या तबकडीच्या, मागच्या बाजूला नवं गाणं भरायचा खर्च वाचवायला पुढच्याच गाण्याचं गायनाशिवायचं रूप टाकायचे, त्याला 'व्हर्जन' म्हणत. किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा ऑस्बोर्न रडॉक, म्हणजे किंग टबी, यानं त्याचं सोनं केलं. घरातल्याच छोट्या स्टुडिओत बाथरूमची त्यानं गायनाची खोली केली होती. चार ट्रॅकचं टेप मशीन आणि दुसऱ्या स्टुडिओनं विकायला काढलेलं मिक्सर एवढ्यावर तो काम करायचा. आवाज मध्येच तोडायचा, एकच शब्द ठेवून त्याला इको द्यायचा, ड्रमवर रिव्हर्ब (घुमारा) सोडायचा आणि मिक्सरचं एक मोठं बटन फिरवून खालचा आवाज पातळ करत न्यायचा. बाज तोच, पण गाण्याचा सांगाडा दिसायला लागतो. ही रूपं थोड्याच प्रतींत निघत आणि साउंड सिस्टिमवर, म्हणजे नाचासाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरांवर, वाजून झिजत. ती जगभर पोहोचायला 1993 साली इंग्लंडमध्ये 'ब्लड अँड फायर'सारखं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, सुरू व्हावं लागलं. तोवर टबी हयात नव्हता, 1989 मध्ये त्याचा घराबाहेर खून झाला.

पंक आणि डब यांची गाठ 1977 च्या लंडनमध्ये पडली. रॉक्सी या पंकच्या क्लबमध्ये डीजे डॉन लेट्सकडे लावायला पंकच्या रेकॉर्ड पुरेशा नव्हत्या, म्हणून तो डब आणि रेगे लावायचा. कारण इतकं साधं होतं.

पंकच्या बाबतीत सगळ्यात मोठी चुटपूट लावणारा बँड डेट्रॉइटचा 'डेथ'. हॅकनी आडनावाचे तीन काळे भाऊ, रेकॉर्डिंग 1975 चं. बड्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना गाणी आवडली, पण नाव बदला म्हणाले. थोरला डेव्हिड हटून बसला. शेवटी भावांनी 1976 मध्ये स्वतःच 500 प्रती काढल्या आणि विषय संपला. 2000 मध्ये डेव्हिड वारला. बॉबी हॅकनीच्या मुलांना वडिलांचा हा बँड होता हे घरात कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना ते बाहेरून समजलं. 2009 मध्ये ड्रॅग सिटी या लेबलनं जुन्या टेपांवरून एलपी काढली.

आपल्याकडे काय झालं? इंपीरियल टोबॅकोनं सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही बँडची स्पर्धा घेतली. 1970 आणि 1971 मध्ये तिच्या दोन एलपी निघाल्या. मद्रासचे 'कन्फ्युजन्स', शिलाँगचे 'फेंटोन्स' असे बँड त्यात आहेत, आणि या एलपी आज परदेशात पुन्हा छापल्या जातात. मुंबईच्या 'अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट'चीही गत तीच, त्यांना खरा श्रोता तीसेक वर्षांनी अमेरिकेतल्या लेबलनं मिळवून दिला. चरणजित सिंग यांची 1982 ची रागांवरची डिस्को एलपी एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली आणि 2010 मध्ये परत आली, तेव्हा ते हयात होते.

या सगळ्यांचं नशीब एवढं तरी होतं, की तबकडी निघाली होती. कोल्हापूरला उलटं उदाहरण माहीत आहे. शाहू महाराजांच्या दरबारातले गवई अल्लादियाखाँ रेकॉर्डिंगला तयार झाले नाहीत. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा आवाज 1977 पासून व्हॉयेजर यानासोबत अंतराळात आहे, खाँसाहेबांची बाजारात आलेली एकही तबकडी नाही.

आणि जुन्या मालात इंग्रजी गठ्ठा एवढा लहान का? परदेशी रेकॉर्डच्या आयातीवर निर्बंध होते. जे मिळायचं ते बहुतेक एचएमव्हीनं कलकत्त्याजवळ डमडमला छापलेलं, म्हणजे आधीच गाजलेलं. वीज नसलेल्या घरांत चावीचे ग्रामोफोन होते म्हणून बीटल्ससुद्धा इथे 78 आरपीएमवर निघाले. इंग्लंड-अमेरिकेत तो प्रकार तेव्हा संपला होता, त्यामुळे आज त्या भारतीय तबकड्यांना तिकडे मागणी आहे. म्हणून खालच्या थरात हात घातलाच तर लेबलवर 'डमडम' आहे का बघा, आणि तबकडी उजेडात तिरपी धरून ओरखडे मोजा. रीइश्यू, म्हणजे नव्यानं छापलेली जुनी तबकडी, विकत घेताना आणखी एक पाहायचं. कव्हरच्या मागे गाण्याचे हक्क कुणाकडून घेतले ते छापलंय का? नसेल तर नॉर्दर्न सोलवाल्यांची जुनी सवय अजून गेलेली नाही असं समजा.