पाण्यात ऑईल: कूलर फुटला की हेड गॅस्केट गेलं?

सकाळी बॉनेट उघडावं, कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचं झाकण फिरवावं आणि आत हिरव्या पाण्याऐवजी कोल्ड कॉफीच्या रंगाचं पिठलं दिसावं! गाडीवाल्याच्या पोटात गोळाच येतो. गॅरेजमध्ये नेलं की निदान तयारच असतं: "साहेब, हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवावं लागेल." माझ्या जुन्या डिझेल गाडीचं हेच झालं. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरलं, फेसिंगला (घासून सपाट करायला) गेलं, नवं गॅस्केट बसलं आणि पंधरा दिवसांत टाकीत पुन्हा पिठलं. फुटला होता ऑईल कूलर. त्याच्याकडे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं.

ऑईल आणि पाणी एकमेकांच्या अगदी जवळून जातात, अशा मुख्य जागा इंजिनात दोनच. एक हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक (इंजिनाचा सिलिंडर असलेला खालचा भाग) आणि हेड यांच्यामध्ये आवळून बसवलेला पातळ पत्रा. त्याच्या भोकांतून पाणी जातं, ऑईल जातं आणि मधल्या मोठ्या गोलांत जळणाऱ्या वायूचा स्फोट कोंडलेला असतो. दुसरी जागा ऑईल कूलर. बऱ्याच गाड्यांत ही ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची तळहाताएवढी पेटी असते. एका थरात ऑईल, त्याला लागून पुढच्या थरात कूलंट. स्विफ्ट डिझेल, इंडिका व्हिस्टा, पुंटो या गाड्यांना असलेलं 1.3 लिटरचं मल्टीजेट इंजिन आठवा, आपल्या रांजणगावलाही ते बनत असे. त्यात हा कूलर ऑईल फिल्टरच्या हाऊसिंगलाच जोडलेला असतो. नाव कूलर असलं तरी गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ तो उलटं काम करतो. पाणी ऑईलपेक्षा आधी तापतं, त्यामुळे कूलर ऑईलला ऊब देतो.

दोघांतला फरक ओळखायचा तर दाबाचा विचार करायचा. तापलेल्या, चालत्या इंजिनात ऑईलचा दाब साधारण 2 ते 5 बार (दाब मोजायचं एकक) असतो, तर कूलंटचा 1 ते 1.5 बार. कूलरच्या पट्टीला भोक पडलं की जास्त दाबाचं ऑईल पाण्यात घुसतं. म्हणून टाकीत चिखल होतो आणि डिपस्टिकवरचं (ऑईलची पातळी बघायच्या पट्टीवरचं) ऑईल मात्र पुष्कळ दिवस स्वच्छ दिसतं. पण कायम नाही, हे लक्षात ठेवा. इंजिन बंद केलं की ऑईलचा दाब लगेच शून्यावर येतो आणि गरम पाण्याचा दाब गाडी थंड होईपर्यंत टिकतो. तेवढ्या वेळात पाणी त्याच भोकातून उलटं ऑईलकडे सरकतं.

हेड गॅस्केटची गोष्ट वेगळी. ते बहुतेकदा सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामधल्या चिंचोळ्या कडेवर जळतं. डिझेल इंजिनात स्फोटाच्या क्षणी दाब 100 बारच्याही वर जातो. त्यामुळे पाण्यात आधी घुसतो तो जळका वायू, ऑईल कदाचित येतही नाही. म्हणून माझं म्हणणं असं की टाकीतल्या ऑईलवरून हेडला फाशी देऊ नका, वायू शोधा. थंड गाडी सुरू केल्यावर पाणी तापायच्या आतच रेडिएटरचा वरचा होज पाइप दगडासारखा कडक झाला, टाकीत न थांबता बुडबुडे येऊ लागले, चढावर तापमानाचा काटा वर जाऊन पाणी बाहेर फेकलं गेलं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहिला, तर संशय हेडवर घ्यायचा. यातलं काहीच नाही, गाडीचा दमही शाबूत आहे आणि टाकीत फक्त चिखल आहे, तर आधी कूलर पाहा.

खात्री करणं अवघड नाही. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची नळी धरून आतली हवा ओढतात. त्या हवेत जळका वायू असला तर द्रव पेट्रोल गाडीत पिवळा आणि डिझेलमध्ये हिरवट होतो. कूलरची परीक्षा तर पंक्चरवाल्याची आहे: पेटी काढायची, एक वाट बंद करायची, दुसरीतून हवा भरायची आणि पाण्याच्या टबात बुडवायची. पाणी जरा कोमट घ्या, काही चिरा धातू तापल्यावरच तोंड उघडतात.

पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीच्या ऑईलच्या झाकणाखाली सायीसारखा थर जमतो. ती नुसती वाफ असते, एकदा लांब फिरवून आणा. ऑटोमॅटिक गाडीत टाकीतलं मिश्रण दुधात रोझ सिरप घातल्यासारखं गुलाबी दिसलं, तर बहुधा गिअरबॉक्सचं ऑईल थंड करणारा रेडिएटरमधला कूलर फुटलेला असतो. अशी गाडी टोइंग करूनच न्यायची, कारण पाणी लागलं की गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटा खराब होतात.

कूलर दुरुस्त करायचा की बदलायचा? पेटी बाहेर काढल्यावर पुष्कळदा दिसतं की पट्ट्या ठीक आहेत, फक्त खालच्या रबरी रिंगा कडक होऊन चपट्या पडल्यात. मग नव्या रिंगांवर काम भागतं. पट्टीलाच भोक असेल तर वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका. आतल्या थरापर्यंत हात पोचत नाही आणि बाहेरून दिलेल्या उष्णतेने शेजारचा सांधा सुटतो. इंजिनाचं बेअरिंग जाऊन ऑईलमध्ये धातूचा चुरा फिरला असेल, तर न गळणारा कूलरसुद्धा बदलायचा. तो चुरा पट्ट्यांमधून धुऊन पूर्ण निघत नाही. हेडचं काम मात्र दिवसांचं असतं: सपाटी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, लागलं तर फेसिंग करायचं आणि ताणून बसणारे बोल्ट असतील तर नवेच घ्यायचे.

कारणंही वेगळी. कूलरला आतून खातं ते कूलंटऐवजी भरलेलं बोअरवेलचं क्षाराचं पाणी. हेड वाकतं ते काटा लाल रेषेवर गेलेला असताना "घाट संपू दे, मग बघू" म्हणून कसाऱ्याला गाडी दामटली की.

कूलर बदलल्यावरची धुलाई हे सगळ्यांत किचकट काम, आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं. थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढायचा, तेलकटपणा काढणारं द्रावण भरायचं, इंजिन गरम करायचं, थंड झाल्यावर सगळं ओतून टाकायचं. हे तीन-चारदा तरी, पाणी नितळ येईपर्यंत. होज पाइपही दाबून पाहा, कारण कूलंटसाठी बनवलेलं रबर ऑईल पितं आणि फुगतं. माझ्या गाडीला नवा कूलर बसल्यावर मी जुने पाइप तसेच राहू दिले होते. तीन महिन्यांत खालचा पाइप पिकल्या चिकूसारखा मऊ झाला आणि क्लिपमधून निसटला. तेव्हा गेलेल्या पाण्यात ऑईलचा थेंबही नव्हता.