एमेसाच्या लेकी आणि रोमची गादी : पेटीतल्या सहा नाण्यांची माहिती

नमस्कार. 'अरब घराणी आणि रोम' ही आमची सहा नाण्यांची पेटी आपण घेतलीत, आभार. पेटी उघडली की बहुतेक जण फोन करून दोनच प्रश्न विचारतात. रोमच्या नाण्यावर उंट कसा काय? आणि ही भलामोठा अंबाडा घातलेली बाई सीरियाची, तर ती रोमच्या टांकसाळीत कशी पोचली? दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा हे पत्रक पेटीत टाकायचं ठरवलं.

सहाही नाणी आम्ही ओतलेल्या प्रतिकृती आहेत. कडेला भिंगातून पाहिलंत तर तसा बारीक ठसा दिसेल. कृपा करून जुनी म्हणून कुणाला दाखवू नका, जाणकार लगेच ओळखतो. पहिली चार डिनॅरियस, म्हणजे रोमची चांदीची नाणी आहेत. मूळ नाणं साधारण तीन ते चार ग्रॅमचं, आपल्या रुपयापेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत त्या लोकांनी काय काय कोरलंय ते बघा.

उंटापासून सुरुवात करू. हे नाणं इ. स. पूर्व 58 चं. उंटाशेजारी एक माणूस गुडघे टेकून बसलाय, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात ऑलिव्हची फांदी. खाली अक्षरं आहेत 'रेक्स अरेटास', म्हणजे राजा अरेटास. पेट्राच्या (आजच्या जॉर्डनमधल्या) नबाती अरबांचा हा राजा, त्याच्या स्वतःच्या भाषेत हारिथा. नाणं पाडणारा स्कॉरस हा रोमन सेनापती पॉम्पेचा सरदार. नाणं पाहून वाटेल, केवढी लढाई जिंकली असेल! प्रत्यक्षात इ. स. पूर्व 62 मध्ये पेट्राच्या वाटेवर त्याच्या सैन्याची उपासमार झाली. ज्यूंच्या हेरॉड राजाचा बाप अँटिपेटर धान्य घेऊन धावला, त्यानेच मध्यस्थी केली आणि अरेटासने 300 टॅलेंट (त्या काळचं मोठं वजन) चांदी देऊन प्रकरण मिटवलं. अरेटास राज्यावर राहिला तो राहिलाच. स्कॉरसने चार वर्षांनी त्याला नाण्यावर गुडघे टेकायला लावले. (आमच्या पहिल्या खेपेत उंटाचं नाक साच्यात पुसट आलं होतं. ज्यांच्याकडे ती पेटी आहे त्यांनी कळवावं, नाणं बदलून देतो.)

दुसरं नाणं सम्राट ट्रेजनचं. इथेही उंट आहे, पण आता तो एका उभ्या स्त्रीच्या पायाशी. ती स्त्री म्हणजे अरबिया. इ. स. 106 मध्ये नबातींचा शेवटचा राजा रब्बेल दुसरा वारला आणि रोमने संस्थान खालसा केलं. नाण्यावर शब्द 'जिंकली' असा नाही, 'मिळवली' असा आहे. आमच्या मते या नाण्यातली सगळी गंमत त्या एका शब्दात आहे.

आता तिसरं नाणं, यूलिया डोम्नाचं, ज्याच्यासाठी खरं तर ही पेटी केली.

ओरोंटेस नदीकाठचं एमेसा म्हणजे आजचं सीरियातलं होम्स. तिथे पुजारी आणि राजा एकाच घरातले. घराण्याचा पहिला ठाऊक असलेला राजा सांप्सिगेरामस. त्या नावातला 'शम्स' म्हणजे सूर्य. नाव इतकं भारदस्त की रोमन वक्ता सिसेरो आपल्या पत्रांतून पॉम्पेला चिडवताना त्याच नावाने हाक मारी. हे मांडलिक राजे रोमच्या भांडणांत बरेच पोळले. त्यांच्यातल्या इयांब्लिकसला रोमन सेनानी अँटनीने मारलं, त्याच्या भावाला अँटनीचा प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनने. पुढे याच ऑक्टेव्हियनने, सम्राट ऑगस्टस झाल्यावर, इ. स. पूर्व 20 मध्ये इयांब्लिकसच्या मुलाला गादी परत दिली. या व्यवहारात घराण्याला आणखी एक गोष्ट मिळाली : रोमचं नागरिकत्व, आणि त्यासोबत देणाऱ्याचं कुलनाव. म्हणून एमेसाचे राजे पुढे स्वतःला 'गायस यूलियस' म्हणवू लागले. सीझर आणि ऑगस्टस ज्या कुळातले, त्या कुळाचं नाव. रोमच्या राजघराण्याशी यांचं नातं जुळलं ते आधी असं, नुसतं कागदावर.

रक्ताचं नातं जुळायला दोनशे वर्षं गेली. सूर्यदेव एलागाबालचा मुख्य पुजारी यूलियस बासियानस, त्याला दोन मुली, डोम्ना आणि माएसा. इ. स. 187 च्या सुमारास थोरल्या वयाचा एक विधुर रोमन अधिकारी, लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा सेप्टिमियस सेव्हेरस, दुसरी बायको शोधत होता. एमेसाच्या एका मुलीच्या पत्रिकेत राजयोग आहे असं त्याच्या कानावर आलं म्हणे आणि त्याने मागणी घातली, अशी जुनी कथा आहे. पत्रिकेचं खरंखोटं ज्याचं त्याने ठरवावं, पण 193 मध्ये तो सम्राट झाला.

नाणं उजेडात तिरपं धरा. केसांच्या लाटा एकसारख्या, मागे तो अंबाडा. भोवती 'यूलिया ऑगस्टा'. मागच्या बाजूला ती निशाणांसमोर नैवेद्य अर्पण करते आहे आणि अक्षरं आहेत 'मात्री कास्त्रोरम', छावणीच्या आईला. 'डोम्ना' म्हणजे लॅटिनमधली मालकीण असं पुष्कळ जण समजतात. तसं नाही, नाव सेमिटिक आहे, बहुधा 'काळी' या अर्थाच्या अरबी शब्दावरून आलेलं.

तिचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं नाही. 211 मध्ये नवरा ब्रिटनमध्ये यॉर्कला वारला आणि त्याच वर्षअखेर थोरल्या मुलाने, काराकालाने, धाकट्या गेटाला मारवलं, ते आईच्या मिठीत. गेटाचं नाव आणि चेहरा सगळीकडून खरवडून काढला. बर्लिनच्या संग्रहालयात या कुटुंबाचं लाकडावर रंगवलेलं गोल चित्र आहे, त्यात गेटाच्या तोंडाच्या जागी आजही नुसता डाग दिसतो. 217 मध्ये काराकालाचाही खून झाला आणि डोम्नाने अँटिओकला अन्न सोडून प्राण सोडला.

इथे घराणं संपायचं, पण बहीण माएसा उरली होती. नव्या सम्राटाने तिला एमेसाला परत धाडलं, मात्र तिची संपत्ती तिच्याकडेच राहू दिली. चूक केली. चौदा वर्षांचा नातू देवळात पुजारी होता. आजीने सैनिकांत पैसा वाटला, हा काराकालाचाच मुलगा अशी बातमी पसरवली आणि 218 मध्ये त्याला गादीवर बसवलं. हाच एलागाबालस, आपलं चौथं नाणं.

या नाण्याच्या मागच्या बाजूला चार घोड्यांचा रथ आहे आणि रथात माणूसच नाही. आहे तो एमेसात देव म्हणून पुजला जाणारा काळा दगड, त्यावर गरुड, भोवती चार छत्र्या. हा देव त्याने रोमला नेला. 'एलागाबाल' म्हणजे डोंगराचा देव. जिब्राल्टर या नावात जो अरबी 'जबल' (डोंगर) आहे, तोच हा. इतिहासकार हेरोडियन सांगतो की मिरवणुकीत सम्राट रथापुढे लगाम धरून उलटा पळायचा, देवाकडे पाठ होऊ नये म्हणून. रोमन लोक हसले. आपल्याकडे पालखी पाहिलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही वाटू नये. त्याच्या खासगी आयुष्याच्या चटकदार गोष्टी आम्ही मुद्दाम छापत नाही. त्या शत्रूंनी लिहिल्या आहेत.

आणखी एक, भारताचा संबंध. एमेसाच्या या सम्राटाकडे निघालेल्या भारतीय वकिलांशी एडेसाचा विद्वान बार्दाइसान बोलला आणि ब्राह्मण व श्रमण यांच्याविषयी त्याने टिपून ठेवलं, असा उल्लेख तत्त्वज्ञ पॉर्फिरीच्या लिखाणात मिळतो.

नातू डोईजड झाला तशी आजीने दुसऱ्या मुलीचा मुलगा पुढे आणला. 222 मध्ये पहिला नातू आईसकट मारला गेला. दुसरा, अलेक्झांडर सेव्हेरस, 235 पर्यंत टिकला आणि माइन्झला सैनिकांनी त्यालाही आईसकट मारलं.

शेवटची दोन थोडक्यात. दोन्ही अँटोनिनियानस, किंचित मोठी. किंमत दोन डिनॅरियसची सांगायची आणि चांदी दीडाची घालायची, हा काराकालाचा शोध. पाचवं फिलिप द अरबचं. तो सीरियातल्या शाहबाचा, अरब खरा, पण राजघराण्यातला नव्हे. 248 मध्ये रोमची हजार वर्षं त्याने साजरी केली. सहाव्यावर दोन बाजूंना दोन चेहरे आहेत : सम्राट ऑरेलियन आणि सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया हिचा मुलगा वहबल्लात. ही भागीदारी 272 मध्ये ऑरेलियनच्या फौजेने संपवली.

काही ग्राहक सांप्सिगेरामसपासून डोम्नापर्यंत, आणि क्लिओपात्रापासून झेनोबियापर्यंत वंशावळीचा तक्ता मागतात. तो आम्ही देत नाही. एमेसाचा शेवटचा राजा सोहाएमस आणि पुजारी बासियानस यांच्यात शंभर वर्षांचं अंतर आहे आणि दोघांना थेट जोडणारा शिलालेख मिळालेला नाही. नातं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात, पण रेघ ओढण्याइतका तो पुरावा नव्हे. क्लिओपात्राशी नातं हे तर झेनोबिया स्वतः मिरवायची असं सांगितलं जातं, एवढंच.

नाणी चिंच-लिंबाने घासू नका, वरचा काळपट थर आम्हीच चढवलेला आहे, त्यामुळेच अक्षरं उठून दिसतात. मऊ सुती फडकं पुरे. पावसाळ्यात पेटीतली सिलिका जेलची पुडी बदला. खाचेतून काढताना नाणं कडेने धरा, आणि परत ठेवताना उंट डावीकडून पहिला.