व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चाचणीआधी काय घडलं

कोरोनामुळे शाळेची परीक्षा मोबाइलवर आली, असं सर्रास म्हटलं जातं. महाराष्ट्रात मात्र याची सुरुवात शिक्षण हक्क कायद्यापासून धरावी लागते. हा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, छोट्या चाचण्या यांतून वर्षभर मुलाकडे बघत राहायचं, हे ‘आकारिक’, सत्राअखेरचं ‘संकलित’. माझ्या मते आपल्याकडे परीक्षेबद्दल झालेला हा सर्वांत शहाणा विचार. पण पट मोठा आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या! मग ‘कविता तालासुरात म्हणतो’ अशा छापाची तयार वाक्यं शाळाशाळांतून फिरू लागली, आणि नोंदीतलं मूल ओळखू येईनासं झालं.

२०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. पायाभूत चाचण्या आल्या, त्यांचे गुण ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन शालेय माहिती प्रणालीत भरायचे ठरलं. तंत्रज्ञान मूल्यमापनात शिरलं ते असं, गुण वर पाठवण्यासाठी.

शिकवण्यासाठी ते आणलं शिक्षकांनी. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते छापूनच येऊ लागले. २०१७मध्ये केंद्राचा ‘दीक्षा’ हा डिजिटल अभ्याससाहित्याचा मंच आला.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. त्या नोव्हेंबरात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ सुरू केला: व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला थोडे बहुपर्यायी प्रश्न, मुलाने पर्याय निवडायचा. वेगळं अ‍ॅप लागत नव्हतं, ही त्यातली खरी सोय. अडचण होती फोनचीच. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२०च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता; २०१८मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होतं. वाढ मोठी, पण घरात फोन असणं म्हणजे मुलाच्या हातात असणं नव्हे. बाप कामावरून परतेपर्यंत चाचणी थांबायची, आणि दोन भावंडं असली की पाळी लावावी लागायची.

२०२१ची दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा तर ऑनलाइन परीक्षेचा पर्याय राज्याला घेता आला नाही. नववीच्या निकालाला ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकांना २० असे गुण देऊन ९९.९५ टक्के निकाल लागला.

२०२३-२४पासूनच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या पुन्हा कागदावर होतात. पेपर शिक्षक तपासतात आणि गुण चॅटबॉटद्वारे विद्या समीक्षा केंद्राकडे, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक माहिती गोळा करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. हातच्याच्या वजाबाकीत मूल नेमकं कुठे अडलं, दशकातून हातचा घेतला पण दशक कमी करायला विसरलं की मुळात वरच्या अंकातून खालचा वजा करायचा हेच कळलं नव्हतं, हे त्या गुणांत उतरत नाही. ते उत्तरपत्रिकेवरच दिसतं, आणि तिथे थांबून मुलाला जवळ बसवायला शिक्षकाला वेळ लागतो. आकारिक मूल्यमापनाने २०१०मध्ये मागितला होता तो हाच वेळ.