रस्ट भाषेची शोधनिबंधांतील मुळे

प्रोग्रामने मेमरीतील एखादी जागा परत केली, पण त्याच प्रोग्रामच्या दुसऱ्या भागाजवळ त्या जागेचा पत्ता तसाच राहिला, तर पुढे काय होईल याचा नेम नसतो. त्या जागी दरम्यान दुसरीच माहिती येऊन बसलेली असू शकते आणि हल्लेखोराला ती माहिती हवी तशी रचता आली, तर साधी चूक सुरक्षेतील भगदाड ठरते. सी आणि सी++ या भाषांत लिहिलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर यांमध्ये अशा चुका वर्षानुवर्षे सापडत आल्या आहेत. मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा अभियंत्यांनी २०१९ मध्ये मांडलेल्या आकडेवारीनुसार कंपनी दरवर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या गैरवापरातून उद्भवलेल्या असतात, आणि क्रोमियम ब्राउझरच्या गटानेही २०२० मध्ये आपल्या गंभीर त्रुटींबाबत साधारण तेच प्रमाण नोंदवले. या चुका प्रोग्राम चालण्यापूर्वीच, कंपायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या, पातळीवर अडवण्याचे आश्वासन रस्ट ही भाषा देते आणि त्यासाठी प्रोग्रामचा वेग गमवावा लागत नाही.

हे आश्वासन एखाद्या अभियंत्याला एका रात्रीत सुचलेले नाही. त्यामागे अनेक दशकांत विखुरलेले शोधनिबंध आहेत, आणि त्यांपैकी बरेचसे रस्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले नव्हते. काही तर संगणकासाठीही लिहिलेले नव्हते. भाषेचे जनक ग्रेडन होर यांनी सुरुवातीपासून हे ऋण उघडपणे मान्य केले आहे, आणि भाषेच्या अधिकृत संदर्भपुस्तिकेत तिच्यावर प्रभाव टाकणाऱ्या भाषांची स्वतंत्र यादी दिलेली आहे. त्या यादीतील एमएल किट, सायक्लोन, निल, हर्मीस ही नावे आज फारशी कोणी घेत नाही. मला या भाषेच्या इतिहासात सर्वाधिक महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

मूळ पेच समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीतील, म्हणजे माहिती आणि तिच्यावरील क्रिया ऑब्जेक्ट नावाच्या एककात एकत्र बांधणाऱ्या पद्धतीतील, वर्ग (ऑब्जेक्टचा साचा) आणि वारसा (एका वर्गाचे गुण दुसऱ्याने घेणे) या कल्पना ओस्लो येथील नॉर्वेजियन कम्प्यूटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ या भाषेतून आल्या. केंब्रिजमध्ये पीएचडी करताना ब्यार्ने स्ट्रौस्ट्रुप यांनी आपला सिम्युलेशनचा प्रोग्राम याच भाषेत लिहिला. रचना त्यांना मनापासून आवडली. मात्र मोजमाप केल्यावर असे दिसले की, चालण्याच्या एकूण वेळेपैकी ८० टक्क्यांहून अधिक वेळ गार्बेज कलेक्शनमध्ये, म्हणजे निरुपयोगी मेमरी शोधून परत घेणाऱ्या यंत्रणेत जात होता, आणि तेही त्या प्रोग्राममध्ये निरुपयोगी मेमरी मुळी निर्माणच होत नसताना. अखेर त्यांना तो प्रोग्राम बीसीपीएल या अगदी साध्या भाषेत पुन्हा लिहावा लागला. पुढे बेल लॅब्जमध्ये १९७९ साली त्यांनी सुरू केलेल्या कामातून सी++ जन्माला आली, आणि तिच्या रचनेत या अनुभवाचा ठसा स्पष्ट दिसतो.

म्हणजे त्या काळी मार्ग दोनच दिसत होते. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी १९६० मध्ये वर्णन केलेली आपोआप सफाई स्वीकारावी आणि तिचा वेळखाऊपणा सोसावा, किंवा सीप्रमाणे मेमरी घेण्याची आणि परत करण्याची जबाबदारी पूर्णपणे प्रोग्रामरवर टाकावी आणि चुका सोसाव्यात. मेमरी केव्हा परत करायची हे कंपायलरनेच प्रोग्राम वाचून ठरवावे, हा तिसरा मार्ग प्रयोगशाळांतून हळूहळू आकाराला आला.

त्याचा एक उगम तर्कशास्त्रात आहे. फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्र मांडले. नेहमीच्या तर्कशास्त्रात एखादे गृहीतक कितीही वेळा वापरता येते किंवा अजिबात न वापरता सोडून देता येते. जिरार यांच्या पद्धतीत ते वापरले की संपते. फिलिप वॅडलर यांनी १९९० च्या एका निबंधात ही कल्पना प्रोग्रामिंगच्या टाइप-पद्धतीत, म्हणजे मूल्य कोणत्या प्रकारचे आहे आणि ते कसे वापरता येईल हे ठरवणाऱ्या नियमांत, आणली. एखाद्या मूल्याचा वापर नेमका एकदाच होणार याची कंपायलरला खात्री असेल, तर त्या मूल्याची मेमरी वापरानंतर लगेच परत घेता येते किंवा जागच्या जागी बदलता येते, कारण ते मूल्य दुसरे कोणीही पाहत नसते. परंतु हा नियम शब्दशः पाळणे फार जाचक आहे. एखाद्या मोठ्या यादीतील एकच घटक वाचायचा असला तरी ती यादी वाचणाऱ्या फंक्शनच्या स्वाधीन करावी लागते आणि उत्तरासोबत परत मागून घ्यावी लागते. म्हणून वॅडलर यांनी त्याच निबंधात एक सवलत सुचवली होती: ठरावीक मर्यादेत मूल्य केवळ वाचण्यासाठी अनेकांना द्यावे आणि ती मर्यादा संपल्यावर त्याचे एकमेव असणे पुन्हा प्रस्थापित व्हावे. रस्टमध्ये ज्याला मूल्य उसने देणे म्हणतात, त्याचे बीज मला या सवलतीत दिसते.

दुसरा उगम ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषांच्या अभ्यासकांनी स्वतःच्याच पद्धतीतील एका उणिवेवर केलेल्या कामात आहे, आणि या भागाची दखल फार कमी घेतली जाते. वर्गाच्या आतील माहिती बाहेरच्यांपासून लपलेली असते, असे आपण शिकतो. परंतु वर्गाने आतील एखाद्या ऑब्जेक्टचा पत्ता बाहेर जाऊ दिला, की ते लपवणे निरर्थक ठरते, कारण आता बाहेरचा कोणीही वर्गाच्या नकळत आतील माहिती बदलू शकतो. जावाच्या १.१ आवृत्तीत हे प्रत्यक्ष घडले. एखाद्या वर्गावर कोणाच्या डिजिटल स्वाक्षऱ्या आहेत हे सांगणारी मेथड, त्या स्वाक्षऱ्यांची प्रत देण्याऐवजी, भाषेची यंत्रणा स्वतः वापरत असलेली मूळ यादीच हाती देत असे. त्यामुळे अविश्वसनीय प्रोग्रामला त्या यादीत विश्वासू नावे घालून स्वतःचे अधिकार वाढवून घेता येत होते. तपासणी करणाऱ्या कोडमध्ये दोष नव्हता. एकाच यादीला दोन वाटांनी हात लागत होता, एवढाच दोष होता.

जॉन हॉग यांनी १९९१ मध्ये या प्रश्नावर बेटांची कल्पना मांडली होती: ऑब्जेक्टच्या एखाद्या समूहात शिरण्यासाठी एकच दार असावे. डेव्ह क्लार्क, जॉन पॉटर आणि जेम्स नोबल यांनी १९९८ मध्ये मालकीचे टाइप मांडले. त्यात प्रत्येक ऑब्जेक्टला एक मालक असतो आणि मालकाला वगळून त्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचणारी वाट कंपायलर मान्यच करत नाही. रस्टमधील मालकी याहून वेगळी आहे, हे येथे नमूद केले पाहिजे, कारण रस्टचा मालक मुख्यतः मूल्याची मेमरी परत करण्यास जबाबदार असतो. तरीही एकाच गोष्टीला पोहोचणाऱ्या अनेक वाटा आणि त्या गोष्टीत होणारे बदल हे दोन्ही एकत्र आले की संकट ओढवते, हे निदान याच अभ्यासकांनी सर्वाधिक नेटाने केले. त्यामुळे वारसा नसलेल्या रस्टला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणावे की नाही यावर मतभेद असले, तरी त्या परंपरेतील सर्वात कठीण प्रश्नाचे उत्तर तिने दिले आहे, असे माझे मत आहे.

तिसरा उगम मेमरीच्या विभागांचा. मॅड्स टोफ्टे आणि झाँ-पिएर ताल्पँ यांनी १९९४ मध्ये असे दाखवले की, एमएलसारख्या भाषेतील प्रत्येक मूल्य कोणत्या विभागात ठेवायचे आणि तो विभाग केव्हा रिकामा करायचा, हे कंपायलर स्वतः शोधून काढू शकतो. एमएल किट या कंपायलरमध्ये ते प्रत्यक्ष उतरले. काही प्रोग्राममध्ये मात्र मूल्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ विभागात अडकून राहत, आणि निर्णय पडद्याआड होत असल्यामुळे प्रोग्रामरला त्याचे कारण उमगत नसे. एटी अँड टी लॅब्ज आणि कॉर्नेल विद्यापीठ येथील संशोधकांच्या सायक्लोन या भाषेने हा पडदा दूर केला. सीचेच सुरक्षित रूप असलेल्या या भाषेत पॉइंटरच्या, म्हणजे मेमरीतील पत्ता धरणाऱ्या मूल्याच्या, टाइपमध्येच तो कोणत्या विभागाकडे निर्देश करतो हे लिहिता येई, आणि विभाग संपल्यानंतर तो पॉइंटर वापरला तर कंपायलर प्रोग्राम नाकारत असे. २००२ मध्ये सायक्लोनवरील निबंध प्रसिद्ध झाले. भाषा पुढे टिकली नाही, तरी रस्टमधील संदर्भांवर, म्हणजे उसन्या घेतलेल्या पत्त्यांवर, लिहिले जाणारे आणि ते किती काळ वैध आहेत हे सांगणारे आयुष्यदर्शक चिन्ह थेट तिच्या वंशातले आहे.

ग्रेडन होर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून रस्ट सुरू केली आणि २००९ पासून मोझिलाने तिला पाठबळ दिले. त्या वेळची रस्ट आजच्या वापरकर्त्याला ओळखूही येणार नाही. तिच्यात गार्बेज कलेक्शनवर चालणारे पॉइंटर होते, ऑपरेटिंग सिस्टिमवर न विसंबणारे हलके थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे कामाचे धागे) होते, आणि रॉबर्ट स्ट्रॉम व शौला येमिनी यांच्या १९८६ च्या निबंधातून आलेली टाइपस्टेट ही सोयही होती, जिच्यामुळे मूल्याच्या टाइपसोबत त्याची त्या क्षणाची अवस्था कंपायलरला तपासता येई. १५ मे २०१५ रोजी पहिली स्थिर आवृत्ती आली, तेव्हा यांपैकी काहीच मूळ रूपात उरले नव्हते. टाइपस्टेटचा एक अंश मात्र टिकला: मूल्य दुसऱ्याच्या स्वाधीन केल्यानंतर जुन्या नावाने ते वापरता येत नाही, ही तपासणी म्हणजे मूल्याच्या अवस्थेवर कंपायलरने ठेवलेली नजरच आहे. निबंधातील कल्पना स्वीकारणे तुलनेने सोपे असते. प्रत्यक्ष वापरात निरुपयोगी ठरलेली कल्पना, ती कितीही देखणी असली तरी, काढून टाकण्यासाठी वेगळे धैर्य लागते, आणि रस्टच्या कर्त्यांनी ते वारंवार दाखवले.

या सगळ्यातून उरलेला नियम एका वाक्यात सांगता येतो. एखादे मूल्य एका वेळी कितीही जणांनी वाचावे किंवा एकट्यानेच बदलावे. दोन्ही एकदम चालणार नाही. वाढत जाणाऱ्या यादीतील एका घटकाचा पत्ता आपण धरून ठेवला आहे आणि त्याच वेळी यादीत नवा घटक घालत आहोत, असे समजू. यादीसाठी घेतलेली जागा अपुरी पडली तर सर्व घटक दुसऱ्या, मोठ्या जागेत हलवले जातात, जुनी जागा परत केली जाते आणि आपल्या हातातील पत्ता खोटा ठरतो. सी++ मध्ये असा प्रोग्राम कंपाइल होतो. रस्टमध्ये होत नाही, कारण घटक वाचण्यासाठी उसना घेतलेला असताना यादी बदलण्याची परवानगी मिळत नाही. हाच नियम अनेक थ्रेडना लावला की दोन थ्रेडनी एकाच वेळी एकाच जागी हात घातल्याने होणाऱ्या चुकाही अडवल्या जातात. कोणते मूल्य दुसऱ्या थ्रेडकडे पाठवणे सुरक्षित आहे, हे सांगण्यासाठी रस्ट वापरते ती ट्रेटची, म्हणजे टाइपच्या अंगी कोणती क्षमता आहे हे नोंदवणारी, यंत्रणा हॅस्केल या भाषेतील टाइपक्लासवरून आलेली आहे, आणि टाइपक्लासचा मूळ निबंध वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांचा, १९८९ मधला.

पहिल्या स्थिर आवृत्तीच्या तोंडावर सिद्धांत आणि व्यवहार यांतील एक फट उघडी पडली. जिरार यांच्या काटेकोर पद्धतीत मूल्य वापरावेच लागते. रस्टमध्ये ते न वापरता टाकून देता येते. मूल्याचे आयुष्य संपताना चालणारे सफाईचे कोड नक्की चालेलच, असे गृहीत धरून थ्रेडची एक सोय लिहिलेली होती. परंतु एकमेकांकडे निर्देश करणाऱ्या, संदर्भ मोजून सांभाळल्या जाणाऱ्या मूल्यांचे चक्र तयार केले, तर त्यांची मोजणी कधीच शून्यावर येत नाही आणि सफाई होतच नाही. त्यामुळे संपलेल्या मेमरीला हात लावणारा प्रोग्राम, नियमांच्या चौकटीत राहूनही, लिहिता येत होता. ती सोय २०१५ च्या एप्रिलमध्ये भाषेच्या स्थिर भागातून वगळण्यात आली आणि सफाई चालण्याची हमी नाही, हे अधिकृत धोरण ठरले. पुढे वेगळ्या रचनेवर उभी केलेली तशीच सोय २०२२ मध्ये परतली.

या प्रसंगाने एक मोठा प्रश्न पुढे आणला. रस्टमध्ये असुरक्षित असा शेरा मारलेले, काही बाबतींत कंपायलरच्या तपासणीबाहेरचे कोड लिहिण्याची मुभा आहे, कारण तिच्याशिवाय वाढती यादी किंवा कुलूपबंद (एका वेळी एकाच थ्रेडला हाताळता येणारे) मूल्य यांसारखे मूलभूत घटक घडवताच येत नाहीत. मग या घटकांवर उभ्या असलेल्या प्रोग्रामची सुरक्षा कशाच्या आधारावर मानायची? जर्मनीतील झारब्रुकन येथील माक्स प्लांक संस्थेत डेरेक ड्रायर यांच्या पुढाकाराने चाललेल्या रस्टबेल्ट प्रकल्पाने २०१८ मध्ये याचे उत्तर दिले. राल्फ युंग, जाक-आंरी जुर्दां, रॉबर्ट क्रेबर्स आणि ड्रायर यांच्या निबंधात रस्टच्या गाभ्याचे गणिती प्रतिरूप आहे. प्रत्येक टाइप म्हणजे मेमरीविषयीचे एक विधान मानले जाते, आणि असुरक्षित कोड वापरणाऱ्या घटकाने ते विधान पाळल्याचे सिद्ध केले, की त्या घटकाचा वापर करणारा कोणताही सुरक्षित प्रोग्राम सुरक्षितच राहतो. या सिद्धता कॉक या संगणकीय साधनाने तपासलेल्या आहेत. त्यांचा पाया जॉन रेनॉल्ड्स, पीटर ओ'हर्न आणि सहकाऱ्यांनी या शतकाच्या आरंभी विकसित केलेले सेपरेशन लॉजिक हा आहे, ज्यात मेमरीचे परस्परांपासून अलग असलेले भाग हीच मूळ कल्पना असते.

या कामाचा लाभ केवळ सैद्धांतिक नव्हता. सिद्धता लिहिण्याच्या ओघात प्रमाणित ग्रंथालयातील, म्हणजे भाषेसोबत मिळणाऱ्या तयार कोडच्या संग्रहातील, एक खरी चूक हाती लागली. कुलूपबंद मूल्याचा ताबा दर्शवणारा घटक, आतील मूल्य अनेक थ्रेडमध्ये वाटण्यास योग्य नसतानाही, वाटता येण्याजोगा मानला जात होता, आणि २०१७ मध्ये ती चूक दुरुस्त करण्यात आली. हजारो जण रोज वापरत असलेल्या कोडमधील ही त्रुटी चाचण्यांतून सुटली होती, ती कागदावरच्या युक्तिवादाने पकडली. अशा संशोधनावर वेळ आणि पैसा का खर्च करावा याचे यापेक्षा ठोस उत्तर माझ्यापाशी नाही.

रस्टबेल्टने संपूर्ण भाषा सिद्ध केली, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ते प्रतिरूप भाषेच्या गाभ्यापुरते आहे. असुरक्षित कोडमध्ये पॉइंटरनी नेमके कोणते नियम पाळावेत, म्हणजे कंपायलरला कोडची फेरमांडणी निर्धास्तपणे करता येईल, हा त्यापुढचा प्रश्न आहे. त्यासाठी २०२० मध्ये स्टॅक्ड बॉरोज हे प्रतिरूप आले. त्यात प्रत्येक जागेसाठी उसनवारीची चळत सांभाळली जाते आणि क्रम मोडणारा वापर चूक ठरतो. प्रत्यक्षात लिहिले जाणारे बरेच निरुपद्रवी कोडही त्यात चूक ठरू लागल्याने चळतीऐवजी झाडाची रचना वापरणारे ट्री बॉरोज हे प्रतिरूप मांडले गेले. मिरी या साधनाने आपला प्रोग्राम या दोन्ही प्रतिरूपांनुसार तपासून पाहता येतो, आणि त्या तपासणीत सापडलेल्या चुका ग्रंथालयांत दुरुस्तही होतात. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीपासून लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, रस्टला स्थान मिळाले आहे. कर्नलला हार्डवेअरशी थेट बोलावे लागत असल्याने तेथे असुरक्षित कोड टाळता येत नाही, आणि म्हणूनच या नियमांचा निकाल लागण्याची गरज आता प्रयोगशाळेइतकीच कर्नलच्या अभियंत्यांनाही आहे.